‘मी इथं नाही’ म्हणणारे साहेब

मी मुळातच दचकणारा माणूस. मागून कुणी हाक मारली तरी माझा चहा बशीत सांडतो. आमची ही म्हणते, "तुमच्यापुढे पापड मोडायचीही चोरी." पण एकाच माणसाने मला इतक्या वेळा आणि इतक्या तऱ्हांनी दचकवलं असेल, तर ते साहेबांनी. एवढी वर्षं झाली, तरी त्यांचा विषय निघाला की मी आधी हातातला कप खाली ठेवतो.

बहात्तरच्या दुष्काळात ते नगरला आले. मी तेव्हा सरकारी सिनेमाच्या गाडीवर ऑपरेटर होतो. गाडीत मागे जनरेटर, प्रोजेक्टर, गुंडाळलेला पांढरा पडदा आणि कुटुंबनियोजनापासून संकरित ज्वारीपर्यंतच्या फिल्मांचे डबे. गावोगाव जायचं, देवळापुढे किंवा शाळेच्या पटांगणात पडदा बांधायचा आणि लोकांना शहाणं करायचं, अशी ती नोकरी. लोक फिल्म बघायचे आणि होते तसेच घरी जायचे. एक दिवस मुंबईहून कागद आला. दुष्काळी कामांवर माहितीपट काढायला एक नामवंत दिग्दर्शक येत आहेत, त्यांना दिल्लीचं पदक मिळालेलं आहे, त्यांना एक जीप आणि एक माणूस देण्यात यावा. जीप मोडकी मिळाली आणि माणूस म्हणून मी.

पदकवाला माणूस म्हटल्यावर मी हार घेऊन स्टेशनावर गेलो. डब्यातून उतरले ते पन्नाशीचे, किडकिडीत, आणि भर एप्रिलात लोकरीची कानटोपी घातलेले गृहस्थ. एका हातात कॅमेऱ्याची पेटी, दुसऱ्या हातात उघडलेली छत्री. छत्री पेटीवर धरलेली आणि स्वतः उन्हात. मी हार पुढे केला.

"मी इथं नाही," ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं खरे साहेब दुसऱ्या दारातून उतरले की काय. तेवढ्यात हे गृहस्थ माझ्या हातात छत्री देऊन चालायलाही लागले होते. हार शेवटी जीपच्या ड्रायव्हरने घातला, स्वतःच्याच गळ्यात.

"मी इथं नाही" हा त्यांचा मंत्र. पंधरा वर्षांच्या धंद्यात ते एवढंच शिकले, असं ते मला सांगायचे. कॅमेऱ्यामागचा माणूस समोरच्याला दिसला की समोरचा माणूस खोटा होतो. पोट आत घेतो, केस सारखे करतो, देवासारखा बघायला लागतो. म्हणून कामावर पोचलं की ते मोठ्यांदा ओरडायचे, "माझ्याकडे कुणी बघायचं नाही! मी इथं नाही!" आता मला सांगा, उन्हाळ्यात कानटोपी घातलेला माणूस मधोमध उभा राहून ओरडतोय की मी इथं नाही, तर कोण त्याच्याकडे बघणार नाही? बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. तिसऱ्या दिवशी पोरांनी त्यांचं नाव "न्हाई-सायेब" ठेवलं होतं.

आमच्या घरीही तेच. मिशन कंपाउंडातल्या आमच्या दोन खोल्यांत ते पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा हिने मोठ्या हौसेने रविवारचं मटण केलं होतं. हे जेवले, ताट स्वच्छ केलं आणि हिने "कसं झालंय" विचारल्यावर म्हणाले, "तुम्ही चालू द्या, मी इथं नाही." ही माझ्याकडे बघायला लागली. पुढे तिलाही सवय झाली. ते आले की ती म्हणायची, "आले वाटतं, नसलेले."

पदकाची गोष्ट तर मी कचेरीत सांगितली तेव्हा कुणाला खरीच वाटली नाही. आम्ही पाथर्डीच्या बाजूला एका गावाबाहेर उतरलो होतो. रस्त्याचं दुष्काळी काम चालू होतं, दोनतीनशे माणसं खडी फोडत बसलेली. साहेबांनी कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं केलं. जमीन खडकाळ, एक पाय डुगडुगायला लागला. त्यांनी खिशात हात घालून एक रुप्याची चकती काढली आणि त्या पायाखाली सारली. मी वाकून बघतो तर चकतीवर अशोकस्तंभ.

"साहेब, हे पदक आहे!"

"हो. बरोबर जाडीचं आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या पायाला अजून दगडच लावावा लागतो. ही फिल्म चांगली झाली तर त्याचीही सोय होईल."

मी त्या दिवशी घरी येईपर्यंत हिच्याशी बोलायला अधीर झालो होतो. ती शांतपणे म्हणाली, "पायाखालीच घातलंय ना? डोक्यावर घेऊन फिरणारे काय कमी आहेत?"

त्या गावात आम्ही तीन आठवडे काम केलं. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. टँकर दोन दिवसांआड यायचा. साहेबांच्या फिल्मची रिळं परदेशातून यायची, परवान्यावर मोजकी मिळायची, आणि उन्हाने खराब व्हायची. त्यांचा जीव त्या डब्यांत. ते डबे गोणपाटात गुंडाळून सावलीला ठेवायचे आणि गोणपाट ओलं राहिलं पाहिजे असा त्यांचा हट्ट. पहिल्याच दिवशी त्यांनी टँकरपुढच्या रांगेतल्या बायकांकडे पाणी मागितलं.

"प्याया व्हय?" एकीने विचारलं.

"नाही. डब्यांवर शिंपडायला."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ज्या गावात म्हसरं छावणीला धाडलेली, पोरांची तोंडं ओल्या फडक्याने पुसतात, तिथे हा माणूस पत्र्याच्या डब्यांसाठी पाणी मागतोय. बायकांनी कळशा खाली ठेवल्या. आता मार बसणार म्हणून मी जीपकडे बघायला लागलो. तेवढ्यात एक चाळिशीची उंच बाई पुढे आली, खडी वाहायचं घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, "काय हाय त्या डब्यात?"

"तुम्ही," साहेब म्हणाले. "म्हणजे, तुम्ही सगळे त्यात जाणार आहात."

"आन गरम झालं तर?"

"तर कुणी दिसणार नाही."

तिने आपली कळशी आणली आणि गोणपाटावर अर्धी ओतली. ती यमुनाबाई. त्या दिवसापासून टँकर आला की ती न सांगता थोडं पाणी डब्यांवर मारून जायची. साहेब तिला कधी आभाराचं बोलले नाहीत. ते तिथे नव्हते ना.

यमुनाबाईच्या नवऱ्याचं नाव रंभाजी. लहानू नावाच्या शेजाऱ्याबरोबर तो खडी फोडायचा. बोलणं कमी, हात मात्र फार सुरेख चालायचा. दगडाला बरोबर जागी एकच घाव. साहेबांना तो हात आवडला होता. पण अडचण अशी की हा रंभाजी कॅमेऱ्यात बघायचा. साहेब ओरडून ओरडून थकले. हातोडा उचलला की रंभाजीची मान वर, आणि डोळे सरळ भिंगात. तिकडे न बघणं त्याला उद्धटपणाचं वाटायचं. "मानूस समोर हाय आन बगायचं न्हाई, ह्ये कसं?" असं त्याने मला एकदा विचारलं होतं.

एके दिवशी सकाळचं काम झाल्यावर यमुनाबाई साहेबांपुढे येऊन उभी राहिली. रंभाजी मागे, डोक्याला धुतलेला फेटा.

"सायेब, सुमीच्या बापाचा येक चांगला घ्या. त्याचा येक बी फोटू न्हाई. लगनात बी न्हाई काढला."

सुमी म्हणजे त्यांची एकुलती लेक, राहात्याला दिलेली.

"घेऊ की," साहेब म्हणाले, आणि कॅमेरा घेऊन जीपच्या आडोशाला गेले. मी मागोमाग छत्री घेऊन. त्यांनी कॅमेरा काळ्या पिशवीत घालून झाकण उघडलं, आतलं रीळ काढून पिशवीतच ठेवलं आणि झाकण परत लावलं.

"साहेब, दुसरं रीळ?"

"दुसरं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे रिकामा."

मी छत्रीच सोडली. ते मला समजावून सांगायला लागले, जसं एखादा वैद्य काढ्याचं प्रमाण सांगतो तसं. धंद्यात सगळेच करतात. लोकांची हौस असते, फिल्म महाग असते. रिकामा कॅमेरा फिरवायचा. हौस फिटली की माणूस परत भिंगाकडे बघत नाही, मग त्याचं खरं काम टिपता येतं. "यात फसवणूक नाही, ऑपरेटर. त्याला समाधान, मला फिल्म."

मी काय बोललो? काहीच नाही. मी छत्री उचलली आणि त्या रिकाम्या कॅमेऱ्यावर धरून उभा राहिलो. हे मी सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात मी काही काठावरून बघत नव्हतो.

रंभाजी दगडांच्या ढिगापाशी उभा राहिला. यमुनाबाईने फेट्याचा शेव सारखा केला. साहेबांनी किल्ली दिली, कॅमेरा खुळखुळला. मग ही बाजू, मग ती बाजू, हातोडा वर घ्या, खाली आणा, आता नुसते उभे राहा. नेहमी एका जागी पाच मिनिटं न थांबणारा हा माणूस त्या दिवशी तासभर त्याला उन्हात उभा करून रिकामा कॅमेरा फिरवत होता. मला वाटतं त्यांच्याही मनाला काहीतरी लागलं असावं, आणि ते लांबवून लांबवून भरपाई करत असावेत. रंभाजी पूर्ण वेळ भिंगात बघत होता. यमुनाबाई टँकरची हाळी येईपर्यंत तिथे उभी राहून बघत होती.

नंतर मला हुकूम झाला, हातोड्यांचा आवाज घ्या. साहेबांकडे खांद्याला अडकवायचा टेपरेकॉर्डर होता. चित्र वेगळं, आवाज वेगळा, असं तेव्हा चालायचं. मी मायक्रोफोन ढिगावर ठेवला, टेप चालू केली, आणि खरं सांगायचं तर लिंबाखाली जाऊन भाकरी खाल्ली. अर्ध्या तासाने येऊन बंद केली. रिळाच्या डबीवर लिहिलं, "खडी, आवाज." ती टेप कुणी पूर्ण ऐकली नाही. कोण ऐकणार? हातोडे ते हातोडे.

पाऊसकाळाच्या तोंडाला रंभाजी तापाने गेला. मला कळलं तेव्हा दोन महिने उलटले होते.

फिल्म अठरा मिनिटांची झाली. दिल्लीला गेली, आणि तिलाही पदक मिळालं. पेपरात साहेबांचा फोटो आला, कानटोपीशिवाय, त्यामुळे मी आधी ओळखलाच नाही. मग वरून आदेश निघाला की जिथे फिल्म काढली त्या गावात ती दिग्दर्शकांच्या उपस्थितीत दाखवावी. माझ्या गाडीला भाग्य लाभलं.

थंडीचे दिवस होते. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, लहानूही त्यातच. तरी दिवेलागणीला शाळेपुढे हीऽ गर्दी. मी पडदा बांधत होतो तर मागून हाक आली, "भाऊ." अर्थात दचकलो. यमुनाबाई होती, कपाळ मोकळं. तिच्याबरोबर एक तरणी पोर, कडेवर पाचसहा महिन्यांचं लेकरू.

"ही सुमी. राहात्यास्नं आलीया येष्टीनं. बापाच्या वक्ताला पोचली न्हाई, बाळंतीन हुती. म्हनलं आता तरी बग. लेकराला बी आज्जा दावायचाय." मग आवाज बारीक करून म्हणाली, "भाऊ, म्होरं बसू का? आमचं मानूस कवा येतंय त्ये सांगशीला?"

माझ्या हातातली दोरी सुटली आणि पडदा खाली आला. मी धावत साहेबांकडे गेलो. ते खुर्चीवर हार घालून बसले होते, या वेळी चुकवता आला नव्हता.

"साहेब, ती बाई आलीय. रंभाजीची. तो मेला. ती त्याला बघायला आलीय."

त्यांच्या तोंडावरचा रंग गेला. माणूस पांढरा पडतो म्हणतात, तो मी त्या दिवशी बघितला.

"सांगा, दिल्लीत कापलं म्हणून," मी म्हणालो. "सरकारने कापलं म्हणा. सरकारचं काय, सगळे विश्वास ठेवतील."

त्यांनी हाताने पडद्याकडे खूण केली. मी फिल्म लावली. काय सुंदर फिल्म होती ती! भेगाळलेली जमीन, हातोडे, बायकांचे पाय, टँकरमागे धावणारी माणसं. आपले चेहरे दिसले की लोक नावं घेऊन ओरडत होते. यमुनाबाई पहिल्या रांगेत लेकरू मांडीवर घेऊन बसली होती, त्याचं तोंड पडद्याकडे धरून. एकदा तर तिची अर्धी कळशी आली, गोणपाटावर पाणी ओतणारा नुसता हात. "आगं आये, तू!" सुमी म्हणाली. यमुनाबाईने मान हलवली नाही. ती आपल्या हाताची वाट बघत नव्हती.

अठरा मिनिटं संपली. मी दिवा लावला.

"आता म्होरलं लावा," यमुनाबाई म्हणाली.

"संपलं, यमुनाबाई."

"सुमीचा बाप ऱ्हायला की."

मी साहेबांकडे बघितलं, डोळ्यांनीच सांगत होतो, म्हणा, कापलं म्हणा. ते उठले. हार काढून खुर्चीवर ठेवला, तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"बाई, त्या दिवशी कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती. मी रिकामा फिरवला."

मी हादरलो. खोटं बोलण्याचं धाडस माझ्यात होतं, खरं बोलण्याचं असं धाडस मी तोवर बघितलं नव्हतं, आणि ते मला त्या क्षणी आवडलंही नाही. कशाला सांगितलं? कुणाचं भलं झालं त्याने? सुमी तोंडात पदर घालून रडायला लागली. मागून कुणीतरी शिवी दिली. यमुनाबाई मात्र रडली नाही, ओरडली नाही. त्यांच्याकडे बघून तिने अगदी साध्या आवाजात विचारलं,

"मंग त्यो तासभर उनात उबा ऱ्हायला कुनासाठी?"

तिने लेकरू उचललं आणि दोघी गेल्या. नगरला उतरताना साहेब म्हणाले, "ऑपरेटर, ती पाणी घालत होती हो." आणि मग रस्त्यावरच हमसून रडायला लागले. ड्रायव्हर आणि मी दोन बाजूंनी उभे राहिलो, काय करावं ते सुचेना.

दीडेक महिन्याने ते कचेरीत उगवले. दाढी वाढलेली, खांद्याला टेपरेकॉर्डर. नमस्कार नाही, चमत्कार नाही. माझ्या टेबलावरचे कागद सरकवून त्यांनी यंत्र ठेवलं. त्या गावात भरलेली एकूण एक टेप त्यांनी रोज बसून ऐकली होती, रंभाजीचा एखादा शब्द कुठे सापडतो का म्हणून. आणि तो सापडला होता, "खडी, आवाज" मध्ये. मी लिंबाखाली भाकरी खात होतो तेव्हाचा.

आधी हातोडे. मग लहानूचा आवाज.

"बस की आता सावलीला. गेला त्यो सायेब. तासभर उबा ऱ्हायलास, येडा हाईस का?"

"बसतो की." हा रंभाजी.

"फोटू झ्याक निगंल बग तुजा."

"कशाचा फोटू? यंत्र रिकामं हुतं."

"आँ?"

"आरं, दळायचं जातं रिकामं आसलं आन भरल्यालं आसलं, आवाजात फरक पडतो का न्हाई? सकाळच्याला भरल्यावानी वाजत हुतं. माज्या वक्ताला नुसतं खुळखुळ."

"आन तरी तू उबा? तोंडावर सांगायचं न्हाई व्हय?"

"चार मानसांत कशाला सांगायचं. लाजंल त्यो. त्येला बी वर कुनाला तरी काम दावावं लागत आसंल. आपन न्हाई का मापाच्या दिशी खडीच्या ढिगाच्या पोटात धोंडा ठिवत, माप वाढावं म्हनून? मापवाला बगतो आन न बगितल्यावानी करतो. तसंच ह्ये. येवड्या लांबनं उनातानात आलाय बिचारा."

लहानू हसला. मग म्हणाला, "वयनीला सांगू का?"

"तिला नगं सांगू. तिनं पानी दिलंय."

पुढे परत हातोडे. साहेबांनी यंत्र बंद केलं. मी खुर्चीला धरून बसलो होतो. तिकडे आम्ही दोन शहाणे जीपच्या आड लपून झाकणं उघडत होतो, आणि इकडे त्या माणसाने कान देऊन आम्हाला कधीच ओळखलं होतं. ओळखून आम्हाला सांभाळून घेतलं होतं.

"तिला ऐकवायचंय," साहेब म्हणाले.

मी एकदम उसळलो. साहेबांशी मी आवाज चढवून बोललो ते तेवढंच. "अहो, तो स्वतः सांगतोय, तिला नगं सांगू! मेलेल्या माणसाचं एवढं तरी ऐका. आणि ढिगातल्या धोंड्याचं काय? गावात कळलं तर?"

"एकटीला ऐकवू."

"पण तो नको म्हणतोय."

"त्याने जे सांगू नको म्हटलं, कॅमेरा रिकामा होता ते, मी तिला आधीच सांगून बसलोय, ऑपरेटर," ते म्हणाले. "आणि तिने विचारलेलं आहे. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्याच्याजवळ आहे."

दुपारी आम्ही पोचलो. यमुनाबाई ओट्यावर मिलो निवडत होती, ती लाल परदेशी ज्वारी. आम्हाला बघून उठली नाही, जा असंही म्हणाली नाही. साहेब खाली मातीत बसले, यंत्र पुढे ठेवलं आणि लावलं.

"बसतो की" हे दोन शब्द आले मात्र, ती ताडकन उठली आणि घरात बघायला लागली. पदर डोक्यावर घेतला. सूप कलंडलं, ज्वारी मातीत सांडली. मला वाटलं ही पडणार. मग तिची नजर यंत्रावर आली, ती हळूहळू खाली बसली आणि कान जवळ नेला. "तिनं पानी दिलंय" संपेपर्यंत ती हलली नाही.

"परत लावता येतंय?"

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा ऐकताना जात्याच्या बोलण्यावर ती हसली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"म्हंजी त्येला ठाव हुतं," ती म्हणाली. "आन मी येडी, फेटा धुऊन दिला." डोळे पुसून ती साहेबांकडे बघत राहिली. "सायेब, तुमच्यासाठी उबा हुता त्यो."

साहेबांनी मान खाली घातली. मग उठून जीपकडे गेले आणि कॅमेरा घेऊन आले. छत्री आणली नाही. तिकाटणं अंगणात मांडलं. एका पायाखाली जुनं पदक, दुसऱ्याखाली नवं.

"यमुनाबाई, तुमचा घेऊ?"

तिने कॅमेऱ्याकडे बघितलं. "हाय का आत काय?"

"दाखवतो," म्हणून त्यांनी थेट झाकणाला हात घातला. फिल्मच्या डब्यांना स्वतःच्या जिवापेक्षा जपणारा हा माणूस, भर उन्हात!

"साहेब, रीळ जाईल!" मी ओरडलो.

"नगं उगडू," यमुनाबाई म्हणाली. "वाजीव."

साहेबांनी किल्ली दिली आणि कळ दाबली. तिने मान तिरकी करून ऐकलं, डोळे मिटून.

"हाय," ती म्हणाली. "भरल्यालं हाय."

ती घरात गेली आणि रंभाजीचा हातोडा घेऊन आली. अंगणात उभी राहिली. पदर नीट केला, मग थबकली.

"त्यो कुठं बगत हुता?"

साहेबांनी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. "माझ्याकडे," ते म्हणाले.

"मंग मी बी तिकडंच बगते."

साहेबांनी कॅमेरा चालू केला. यमुनाबाई हातोडा धरून सरळ भिंगात बघत होती, नजर न हलवता. मी सवयीने वाट बघत होतो की आता ते ओरडणार. मध्येमध्ये किल्ली देत त्यांनी पूर्ण रीळ संपवलं, शेवटची पट्टी फटफटेपर्यंत. मी इथं नाही, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.